शिवाजी पार्क: 28 एकर, एक कट्टा आणि सहावीतल्या मुलीची बॅट

लग्न होऊन 1996 साली रानडे रोडला राहायला आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला दोन गोष्टी दाखवल्या. भाजी कुठे घ्यायची आणि पार्कात कुठल्या गेटाने शिरायचं. माहेर सांगलीचं. तिथे आमराईत फिरायला जायचो, झाडांखाली गारवा असायचा. इथे आले तर समोर नुसतं उघडं मैदान, एकाच वेळी दहा-बारा ठिकाणी क्रिकेट चाललेलं, आणि भोवती माणसांची रांगच रांग. ‘ह्यात आपण चालायचं कुठे?’ असं मी त्यांना विचारलं होतं. आज त्या 82 वर्षांच्या आहेत, हातात काठी आहे, आणि आम्ही दोघी अजून रोज सकाळी जातो. त्यामुळे हा अभिप्राय एका दिवसाच्या सहलीवरून दिलेला नाही. पाचपैकी चार तारे देतेय. पाचवा का राखून ठेवला, तेही लिहिते, कारण माझ्या मते तोच मुद्दा महत्त्वाचा आहे.

आधी माहिती, नवख्या लोकांसाठी. मैदान जवळपास 28 एकरांचं. 1925 साली लोकांसाठी खुलं झालं ते माहीम पार्क म्हणून. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. 2020 पासून पाटीवर छत्रपती शिवाजी महाराज पार्क असं पूर्ण नाव आहे, पण आम्हा दादरकरांच्या तोंडी नुसतं ‘पार्क’. तिकीट नाही, ओळखपत्र नाही. दादर स्टेशनवरून पश्चिमेला चालत पंधरा मिनिटं, आणि आता भुयारी मेट्रोचं दादर स्टेशन त्याहून जवळ पडतं. मैदानाभोवती बसका कट्टा आहे. त्याची एक फेरी साधारण 1.17 किलोमीटर भरते. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना ‘रोज एक किलोमीटर’ सांगितलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘म्हणजे एक राउंड.’

आता मुद्द्याचं. एवढ्याशा जागेत एवढी माणसं एकमेकांच्या पायात न येता कशी वावरतात, ते बघायचं असेल तर सकाळी साडेपाचला या. अंधारातच चालणारे सुरू होतात. आमच्यासारख्या हळू चालणाऱ्या कट्ट्याच्या बाजूने, धावणारे बाहेरच्या बाजूने. मागून पावलांचा आवाज आला की आपण आपोआप सरकतो, नाहीतर ‘काकू, उजवीकडून येतोय’ असा आवाज येतो. सहाच्या सुमारास मैदानात माळीकाका पिचवर पाणी मारत असतात. मग रोलर फिरतो, मॅटिंग अंथरलं जातं, खांबांना नेट बांधली जातात. साडेसहापासून पोरं येऊ लागतात. पाठीवर त्यांच्याएवढीच किटबॅग, डोळ्यांत झोप, आणि सोबत डब्याची पिशवी धरलेली आई किंवा बाबा. काही पोरं विरार, कल्याणहून पहिल्या गाड्या पकडून येतात. सचिन तेंडुलकर शाळेत असताना इथे जवळ काका-काकूंकडे राहायला आला तो याच कारणासाठी, जाण्यायेण्यातला वेळ वाचावा म्हणून. आज प्रत्येकाचे काका दादरला नसतात. ती पोरं लोकलच्या दारातून किटबॅग कशी आत ओढतात ते मी रोज फोर्टला नोकरीला जाताना बघते, आणि मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं.

सचिनचे गुरू रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक 2024 च्या डिसेंबरमध्ये गेट नंबर 5 जवळ झालं. तिथे पोरं आत शिरताना क्षणभर थांबतात आणि नमस्कार करून पुढे जातात. मुद्दाम उभं राहून बघण्यासारखं आहे ते.

दोन वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. सासूबाई कट्ट्यावर टेकल्या होत्या, मी बाटलीचं झाकण उघडत होते. आतून एकदम तीन-चार आवाज आले, ‘बॉल बघा! बॉल! आजी!’ सीझन बॉल, म्हणजे कडक चामडी चेंडू, कट्ट्याच्या काठावर आपटला आणि सासूबाईंच्या काठीला लागून खाली गेला. काठी हातातून उडाली. लागलं काहीच नाही, पण त्यांचा हात नंतर बराच वेळ थरथरत होता. ज्या पोराने तो फटका मारला होता तो पॅड बांधलेलाच धावत आला. बारा-तेरा वर्षांचा असेल. हेल्मेट काढून त्याने आधी काठी उचलून दिली, मग वाकून पाया पडला. तोंडातून शब्द फुटत नव्हता त्याच्या. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, ‘चौकार होता का रे?’ तो म्हणाला, ‘सिक्स होता, आजी.’ ‘मग रडतोस कशाला?’

त्याचे सरही आले. त्यांनी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नेटचं तोंड फिरवून घेतलं. आधी फलंदाज कट्ट्याकडे तोंड करून खेळायचा, आता पाठ करून खेळतो. खर्च काही नाही, फक्त खांब उपटून पुन्हा रोवले. जागेचं व्यवस्थापन असं मोठमोठ्या शब्दांत बोललं जातं तेव्हा मला हे रोवलेले खांब आठवतात. कुणीतरी चालणाऱ्या म्हातारीच्या बाजूने एकदा मैदानाकडे बघितलं, एवढंच झालं होतं.

आणि कट्टा. ज्याने कुणी तो एवढा बसका ठेवला त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. उंच भिंत असती तर आतले आणि बाहेरचे असे दोन वेगळे लोक झाले असते. जाळी असती तर आपण प्रेक्षक झालो असतो. कट्टा असा आहे की बाहेर पाय सोडून बसलं तर तुम्ही रस्त्याचे, आणि गिरकी घेऊन पाय आत टाकले की मैदानाचे. सकाळी निवृत्त मंडळी तिथे पेपर वाचतात, दुपारी कुरिअरवाली पोरं डबा खातात, संध्याकाळी कॉलेजची जोडपी आणि त्यांच्या शेजारीच भजनाच्या गोष्टी बोलणाऱ्या आजी. कुणाचं कुणाला अडत नाही. जागा राखून ठेवण्याची पद्धत नाही. उठलात की जागा गेली, आणि ते सगळ्यांना मान्य आहे.

आमच्या भागातल्याच दुसऱ्या एका बागेत (नाव लिहीत नाही) मी नणंदेच्या नातवाला घेऊन गेले होते. दारात फलक होता. पळू नये, चेंडू आणू नये, हिरवळीवर बसू नये, सायकल नको, खाऊ नको. दुपारी बंद. पोराने फलक वाचून मला विचारलं, ‘मग काय करायचं?’ मला उत्तर देता आलं नाही. आम्ही तिथून टॅक्सी करून पार्कात आलो आणि तो दीड तास मातीत लोळला.

संध्याकाळचं पार्क निराळं. पाचनंतर समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाचे वर्ग भरतात. माझी मुलगी तिथे सात वर्षं जात होती. दोरीच्या मल्लखांबावर ती पहिल्यांदा आठ-नऊ फूट वर जाऊन फक्त पायाचा अंगठा आणि बोटाच्या पकडीवर थांबली, तो दिवस मला तारखेनिशी लक्षात आहे. तिथले उदय देशपांडे सर, ज्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या हाताखाली डोळ्यांनी न दिसणारी मुलंही मल्लखांब शिकली. लागूनच नाना-नानी पार्क आहे, तिथे ज्येष्ठांसाठी बाकं आहेत, सावली आहे. उद्यान गणेशाला दर्शनाची गर्दी. नवरात्रात बंगाली मंडळींची दुर्गापूजा. सासूबाईंना तिथलं खिचडीचं जेवण फार आवडतं. केळुस्कर रस्त्याच्या बाजूला दाट सावलीची जुनी झाडं आहेत, त्यांच्याखाली चालताना मे महिन्यातही जीव घाबरा होत नाही.

काही लोक इथे येऊन तक्रार करतात की सभा आणि कार्यक्रमांमुळे मैदान सारखं अडलेलं असतं. मी इथे राहते, म्हणून स्पष्ट लिहिते. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने पार्क शांतता क्षेत्र झालं. त्याआधी आमच्या खिडकीच्या काचा लाउडस्पीकरने थरथरायच्या, मुलीचा अभ्यास व्हायचा नाही. त्या निकालाने आम्हाला मोठा दिलासा मिळाला. नंतर सरकारने वर्षातले 45 दिवस खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी ठरवून दिले. 26 जानेवारीचं संचलन, 1 मे, दसरा, आणि 6 डिसेंबर त्यात येतात. आमच्या इमारतीत ह्या 45 दिवसांवर कुरकुर होते. मला ती पटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्या मैदानावर झाल्या ते मैदान फक्त आमच्या प्रकृतीसाठी आहे, असं आम्ही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

विशेषतः 6 डिसेंबर. बाबासाहेबांवर 7 डिसेंबर 1956 ला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि तिथेच आज चैत्यभूमी आहे. महापरिनिर्वाण दिनाला विदर्भ, मराठवाड्यातून लाखो माणसं येतात, आणि त्यांना टेकायला हेच मैदान असतं. त्या दिवसांत नेट बंद असतात आणि ती बंद असायलाच हवीत. पहिल्या वर्षी मी बिचकत गेले होते, आता दरवर्षी ठरवून जाते, कारण तिथली पुस्तकांची दुकानं. मुंबईत एवढ्या स्वस्तात एवढी पुस्तकं एका जागी मिळताना मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. गेल्या वर्षी परभणीच्या एका बाई माझ्या शेजारी कट्ट्यावर बसल्या होत्या. पायातली चप्पल तुटली होती, मांडीवर पिशवीत नऊ पुस्तकं. ‘नातीला घेतली,’ म्हणाल्या. मी त्यांना घरी चहाला बोलावलं, पण त्यांना त्यांच्या माणसांपासून दूर जायचं नव्हतं. मग थर्मास आणून आम्ही दोघींनी तिथेच चहा घेतला.

धुळीबद्दल थोडक्यात. डिसेंबर ते मे लाल माती उडते, आजूबाजूच्या घरांत कपाटाच्या आतपर्यंत जाते. दम्याचा त्रास असेल तर दुपारी वारा सुटल्यावर येऊ नका. पावसाचं पाणी साठवून ते मैदानावर शिंपडायची योजना झाली आहे, आणि ज्या दिवशी पाणी पडतं त्या दिवशी फरक नाकाला कळतो. तो दिवस रोज यायला हवा.

आता राखून ठेवलेला तारा.

आमच्या मजल्यावर सहावीतली एक मुलगी राहते. हिला क्रिकेट खेळायचंय. कुठल्या वर्गात घातलेलं नाही, कारण घरी तेवढे पैसे नाहीत आणि वडिलांची दुपारपाळी असते. तिच्याकडे लाकडी बॅट आहे, दादाची जुनी, तिच्या हँडलला निळी ग्रिप गुंडाळलेली, खालचा कोपरा फाटलेला म्हणून चिकटपट्टी मारलेली. आणि एक टेनिस बॉल. मार्चमधल्या एका शनिवारी ती, तिची वर्गातली मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ, असे तिघं मी चालत असताना पार्कात आले. मी एका जागी बसून सगळं पाहिलं, म्हणून सांगू शकते.

आधी ती तिघं जिथे थोडी मोकळी माती दिसली तिथे उभी राहिली. विटांचे तुकडे ठेवून स्टंप केले. दोन चेंडू झाले असतील, एक सर आले. ‘बाळा, इथे नको, आपल्या नेटचा रनअप आहे.’ अगदी नीट बोलले. पोरं उठली. पुढच्या जागी एक सामना लागलेला होता, तिथल्या सीमेवरच्या मुलाने हात हलवून बाजूला व्हायला सांगितलं. तिसऱ्या जागी फुटबॉलचे कोन मांडलेले होते. चौथ्या जागी कुणीच नव्हतं, पण पाचच मिनिटांत एक माणूस मॅटिंग ओढत आला आणि म्हणाला, ‘ही आमच्या क्लबची पट्टी आहे, साडेसातला मुलं येणार.’ तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

शेवटी ती तिघं कट्टा आणि गेट यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात खेळली. तिथून चालणारे जातात. दर दुसऱ्या चेंडूला थांबायचं, ‘सॉरी काका’ म्हणायचं, पुन्हा सुरू. मुलीने एकच फटका जोरात मारला, आणि बॉल रस्त्यावर गेला. बसखाली गेला नाही, नशीब. त्यानंतर ती जोरात मारेना. हळूच बॅट लावायची आणि थांबायची.

ह्यात कुणीही वाईट वागलं नाही, हेच मला जास्त लागलं. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. रनअपमध्ये पोर आलं तर खरंच लागेल, सामन्याला सीमा हवीच, क्लबची पट्टी त्यांनी वर्षानुवर्षं पाणी घालून जपलेली असते. पण सगळ्यांचं बरोबर असता असता 28 एकरांत तीन मुलांना वीस पावलं जागा उरली नाही. ज्याची फी भरलेली आहे त्याची जागा ठरलेली, आणि ज्याचं कुणी नाही त्याने कट्ट्यालगत खेळायचं, असं जर होत असेल तर ते सार्वजनिक मैदान कसं? अवंतिकाबाईंच्या काळी इथे काय पाट्या होत्या मला माहीत नाही, पण ज्यांनी शहराच्या मधोमध एवढी जागा लोकांसाठी सोडली, त्यांच्या डोळ्यांसमोर हे पोर नक्की असेल.

उपाय फार अवघड नाही, मी दुसरीकडे पाहिलेला आहे. फोर्टात जाते म्हणून ओव्हल मैदान रोज दिसतं. तिथे मैदानाच्या मधून आडवी पायवाट आहे. चर्चगेटहून कोर्टाकडे जाणारी माणसं त्या वाटेने जातात, दोन्हीकडे क्रिकेट चालू असतं, आणि वाट कुणी अडवत नाही. वाट आखलेली आहे म्हणून ती सगळ्यांना दिसते. आझाद मैदानावर सामने एवढे दाटीने असतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पिचजवळ उभा असतो, तरी माणसं निभावून नेतात. तसंच पार्कातही होऊ शकतं. फक्त एक कोपरा, अर्धा एकर म्हणा, फक्की मारून आखायचा आणि तो कुठल्याही वर्गाला, क्लबला, कार्यक्रमाला द्यायचा नाही. आठवड्यातून दोन दिवस तिथे मुलींना आधी. वेळ संपली की पुढच्यांना. बॉल टेनिसचाच. ते सांभाळायला कट्ट्यावर रोज बसणारी निवृत्त मंडळी आहेतच, त्यांना नजर ठेवायला आवडेल, आणि माझ्या सासूबाई तर आधीच तयार आहेत.

मी हे इथल्या दोन प्रशिक्षकांशी बोलले. एकांनी ‘बघू’ म्हटलं. दुसरे, ज्यांनी नेट फिरवली होती तेच, म्हणाले की रविवारी साडेनऊनंतर त्यांची पट्टी मोकळी असते, मुलीला पाठवा. त्या रविवारी ती गेली. त्यांनी तिला पहिल्यांदाच मॅटिंगवर उभं केलं, आणि तिच्याच बॅटने खेळू दिलं, बदलायला लावली नाही. चिकटपट्टी लावलेल्या कोपऱ्यावर बॉल लागला की वेगळाच आवाज येतो. अर्धा तास ती खेळली. घामाने केस चिकटलेले, तोंड लाल, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. जिन्यात मात्र थांबून म्हणाली, ‘काकू, तिथे बॉल सरळ येतो.’

पण ते एका माणसाच्या चांगुलपणावर चाललं आहे. त्या रविवारी त्यांचा सामना असला की तिला जागा नाही. म्हणून तारा अजून माझ्याकडेच आहे.

येणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. चालायला सकाळी सहाच्या आत या. वयस्कर माणसं सोबत असतील तर नेट ज्या बाजूला कट्ट्याच्या जवळ आहेत तिथे बसवू नका, झाडांची बाजू बरी. ‘बॉल’ असा आवाज आला की वर बघू नका, आधी डोकं हातांनी झाका. कुत्रा आणत असाल तर पट्टा बांधून आणा आणि पिशवी ठेवा, मातीत मुलं पडतात. फेरी झाल्यावर भूक लागते, प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष घ्या, गर्दी असली तरी थांबा.

आणि जमलं तर पावसाळ्यात या. जून लागला की बहुतेक नेट उतरतात, सराव थांबतो, मातीवर गवत चढतं. कांगा लीग ही पावसाळी क्रिकेट स्पर्धा 1948 पासूनची, तेवढं क्रिकेट सोडलं तर उरलेलं मैदान कुणाचंच नसतं. ज्याला वाटेल तो अनवाणी येतो, चिखलात फुटबॉल चालतो, घसरतात, पुन्हा उठतात. त्या मुलीला हे कळलं आहे. एप्रिल अर्धा झालाय, आणि ती भेटली की पहिला प्रश्न हाच विचारते, ‘काकू, नेट कधी उतरणार?’